सशाची नजर

गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या स्थानिक वाहिनीचं कार्यालय होतं. मी तिथे बातम्या लिहीत असे आणि इतरांनी लिहिलेल्या तपासत असे. मुलांच्या सकाळच्या कार्यक्रमासाठी मालकांना एक ससा हवा होता, माणसाच्या उंचीचा, आत माणूस शिरून वावरेल असा. तो नाशकातच कुणीतरी करून द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी माझ्या मामाचं नाव सुचवलं.

मामा गणपती करतो. शाडूचे, हाताने. साच्यातल्या मूर्ती बाहेरून येऊ लागल्यापासून त्याच्याकडची गर्दी ओसरली होती आणि वर्षातला बराच काळ शेड रिकामी असे. सशाचं डोकं त्याने कागदाच्या लगद्याचं केलं, कान बांबूच्या कामट्यांवर कापड ओढून. डोळे शेवटी रंगवले. मूर्तीचे डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात. ती मामा आंघोळ करून, शेडचं दार लोटून, कुणाशी न बोलता करतो. सशाचीही तशीच केली.

"सशाला कसलं सोवळं?" मामीने नंतर विचारलं.

"पोरं बघणारेत त्याच्याकडं," मामा म्हणाला. "गणपतीकडं मोठी माणसं बघतात ती काहीतरी मागायला. ही फुकटात बघणार."

कार्यालयात ससा पहिल्या दिवसापासून कुणाला आवडला नाही. "याच्यासोबत लिफ्टमध्ये मी एकटा जाणार नाही," कॅमेरामन म्हणाला. दुसऱ्या एकाने मला विचारलं, "ताई, मामांनी याला वर्गणी मागायला पाठवलंय का? देईपर्यंत हलणार नाही असं वाटतं."

अशा पोशाखांची मोठ्यांना भीती का वाटते, याची काही कारणं उघड आहेत. चेहरा हलत नाही. पापणी मिटत नाही. ससा दारावर आदळला तरी त्याचं हसू तेवढंच राहायचं. आत एक नाटकात काम करणारा गृहस्थ असे आणि त्याला दिसायचं ते सशाच्या तोंडातल्या जाळीतून. म्हणजे आपण डोळ्यांकडे बघून बोलायचं आणि बघणारा तोंडात. मोठा माणूस त्या आतल्या माणसाला शोधत राहतो. मूल शोधत नाही.

पण आमच्या सशाच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. ते मला अपघाताने कळलं. चित्रीकरण थांबलं असताना माइकची वायर सोडवायला मी चटईवर गुडघे टेकले, मुलं बसतात तिथे. वर पाहिलं तर ससा माझ्याकडे बघत होता. नेमका माझ्याकडे, आणि त्या बघण्यात काही वाईट नव्हतं. उलट, आपण आलो म्हणून कुणाला तरी बरं वाटलंय, असं ते बघणं होतं. मी उभी राहिले आणि ते गेलं. उभ्या माणसाला दिसायचं ते एवढंच की ससा त्याच्याकडे न बघता खाली, त्याच्या पोटाकडे किंवा पलीकडच्या कुणाकडे तरी बघतोय.

गणपती पाटावर असतो आणि पूजा करणारा समोर खाली बसलेला. नजर बसलेल्यावर पडली पाहिजे, असं मामा वडिलांकडून शिकला होता. सशापुढे मुलं बसणार, हे त्याला सांगितलेलं होतं. त्याने नजर त्यांच्या उंचीला लावली.

दोन आठवड्यांनी मालकांनी बैठक घेतली. "मला वाटतं माझ्यामागे कुणीतरी उभंय आणि हा त्याला बघतोय," ते म्हणाले. सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमचे मामा आहेत. वाईट वाटून घेऊ नका, पण डोळे बदलावे लागतील."

"नाही साहेब, वाईट कसलं," मी म्हटलं.

एका वाक्याचं काम होतं: खाली बसून बघा. पण मालकांना जमिनीवर बसायला कुणी सांगत नसे. त्या महिन्यात बातम्यांच्या विभागातून दोघांना कमी केलं होतं आणि आणखी काही नावं ठरल्याची कुजबुज होती. हे कारण आहे, समर्थन नाही.

बैठकीनंतर पडद्यावर दाखवायची ओळ मला लिहायला सांगितली. मी लिहिली: 'पालकांच्या तक्रारींमुळे आपल्या लाडक्या सशाचं रूप बदलत आहे.' एकाही पालकाचा फोन किंवा निरोप आलेला नव्हता. बातमीदाराने अशी ओळ दिली की 'किती पालक? कुठले?' असं समासात लिहून मी ती परत पाठवायचे. ही गेली. मामाने घरी टीव्हीवर वाचली.

आखणीवर पांढरा रंग मारून वर प्लास्टिकचे तयार डोळे चिकटवले. मोठे, चकचकीत, सरळ समोर बघणारे. घोटीच्या एका शाळेत कार्यक्रम झाला तेव्हा मी गेले होते. मुलं मैदानात ओळींनी बसली होती, पालक मागे खुर्च्यांवर. पालकांनी फोटो काढले. "गोड आहे हं," एक बाई म्हणाल्या. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने सशाला हात केला. थोडं थांबली. मग ससा कुणाकडे बघतोय ते पाहायला मागे वळली.

कार्यक्रम काही महिन्यांत बंद झाला. अडगळ नको म्हणून डोकं मला घेऊन जायला सांगितलं. मी ते शेडवर नेलं. मामाने प्लास्टिकच्या कडेला नख लावून पाहिलं. निघत नव्हतं.

"किती जणांची तक्रार होती गं?" त्याने विचारलं.

"पालकांची होती."

"किती, ते विचारलं. पत्रकार ना तू?"

मी प्लास्टिकच्या दुसऱ्या कडेला नख लावून पाहिलं.

"एक तरी आणायचा होतास माझ्याकडं," मामा म्हणाला. "चटईवर बसवला असता. म्हटलं असतं, आता बघ." मग त्याने मूर्ती झाकायचं फडकं घेतलं, सशाच्या तोंडावर टाकलं आणि डोकं फळीवर ठेवलं.

आमच्या घरचा गणपती दरवर्षी मामाकडून येतो. यंदाही वेळेवर आला. मूर्ती त्याच्याच हातची होती. पूजेला बसले तेव्हा लक्षात आलं, नजर माझ्या डोक्यावरून जात होती; आखणी त्याची नव्हती.