शेवंतासाठी प्रार्थना

मी चारचौघांत, डोळ्यांत पाणी आणून पहिली प्रार्थना केली ती एका म्हशीसाठी. अडचण एवढीच, की ती म्हैस आहे हे मला माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या चर्चच्या पाळकांनी एका रविवारी सांगितलं, की देवाला शोधायचं तर ठरवून शोधा आणि येशूबद्दल कुणाला सांगायचं तर तेही ठरवून सांगा. मी भोरला कचेरीत कारकून. ठरवून काही करायचं म्हटलं की मला भलताच हुरूप येतो. पहाटे उठून बायबल वाचू लागलो (दोनदा त्यावरच डोकं टेकून झोपलो) आणि सांगायला माणूसही ठरवला. हिर्डोशीचे दगडूमामा. ते आमच्याकडे दरवर्षी तांदूळ घालायचे आणि एकदा घरी या म्हणायचे. देवाने माझ्यासाठी काय काय केलं याची साक्ष मी आरशासमोर पाठ केली. बायको, एस्तेर, म्हणाली, आधी त्यांचं ऐकून तरी घ्या. मी म्हटलं, तेवढा वेळ नसतो.

आम्ही दोघं सकाळच्या एसटीने पोचलो. मामींचे डोळे रडून सुजलेले. त्यांनी एस्तेरला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. मामा ओसरीवर माझ्यासमोर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शेवंता कालधरनं उठली न्हाई. तोंडात घास घेत न्हाई."

मला वाटलं, सून. देवाने दारच उघडलं! मी आणखी एक अक्षर न विचारता मामांचा हात धरला आणि डोळे मिटले.

प्रार्थना रंगली. शेवंताला उठव, म्हटलं. तिच्या नवऱ्याला धीर दे. सासूशी काही बोलाचाली झाली असेल तर दोघींची मनं जुळव. (इथे एस्तेर परत आल्याचं तिच्या खोकण्यावरून कळलं. मला वाटलं, तिलाही भरून आलंय, म्हणून मी आवाज चढवला.) तिच्या हातची भाकरी या घराला पुन्हा मिळू दे. ती खोकतच राहिली. शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मी आमेन म्हटलं.

मग मामा माझा हात न सोडता म्हणाले, "सायेब, शेवंता म्हस हाय."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण घराचा सगळा खर्च त्या म्हशीच्या दुधावर चालायचा. हसायला त्यांना सवड नव्हती आणि पळायला मला एसटी नव्हती. ती दुपारी होती. तोवर एस्तेरने ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन करून बोलावलंही होतं.

मामांनी मला आणखी लाजवलं. म्हणाले, "मगाशी लांबनं केली. आता तिच्याजवळ करा की."

गोठ्यात मामी शेवंताच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. मी शेणात उभा. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. "देवा, हिला उठव, आणि मला माफ कर," एवढंच म्हणालो. ती मी केलेली सगळ्यात छोटी प्रार्थना. बहुधा तेवढीच खरी.

डॉक्टर आले, सलाईन लावलं. आम्ही साक्ष-बिक्ष न देता परतलो.

चारेक दिवसांनी मामांचा फोन आला. शेवंता उठली, वैरण खाते. मी घसा साफ करून म्हटलं, मामा, आता तुम्हाला एक सांगायचंय. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. बाईंस्नी फोन द्या. आमच्या हिला इचारायचंय, तुमचा येशू म्हंजी नेमका कसा."

मी मुकाट्याने फोन दिला. एस्तेरने आधी विचारलं, "मामी, जेवलात का?" आणि पलीकडून मामी बोलायला लागल्या त्या थांबेचनात. मी असतो तर साक्षच सुरू केली असती, आणि त्यांनी एव्हाना फोन शेवंताच्या कानाला लावला असता.