पॅसिफिकच्या राखणीला अहिल्या वैरागडे

वैरागड्यांच्या अहिल्याला नवऱ्यानं घराबाहेर काढलंय आणि बिचारी समुद्रकाठी गाडीत झोपते, ही बातमी २००६च्या ऑक्टोबरात सॅन डिएगोच्या उत्तरेकडच्या यच्चयावत मराठी स्वयंपाकघरांत फिरून आली. बातमीची मालकी सीमाकडे. सीमा हॉस्पिटलमध्ये सकाळच्या शिफ्टला जाते. जाता जाता तिला कड्यावरच्या पार्किंगमध्ये अहिल्याची करडी मिनीव्हॅन दिसली. काचांवर वाफ धरलेली, आत सीट मागे पाडून अहिल्या, नाकापर्यंत सोलापुरी चादर आणि शेजारच्या सीटवर स्टीलचा डबा.

"डबा होता गं," सीमा फोनवर प्रत्येकीला सांगत होती, "म्हणजे हे एका दिवसाचं नाही."

दुपारपर्यंत दोघीतिघींनी 'तो मुळातच घुम्या' असा शेरा मारून घेतला. एकीनं वकिलाचा नंबर काढून ठेवला. आणि संध्याकाळी थेट शिकागोजवळच्या शॉमबर्गहून नवऱ्याच्या, म्हणजे प्रसन्नच्या, मावसभावाचा फोन आला: "अरे, आधी वहिनींना घरात घे. बाकीचं बोलून मिटवता येईल." प्रसन्न तेव्हा वहिनींनीच लावून दिलेल्या कामाला बसला होता, कारली चिरत होता. तो म्हणाला, "घराबाहेर काढायला ती आधी घरात सापडायला तर पाहिजे!"

तर खरी गोष्ट अशी. त्यांची लेक वल्लरी, वय सोळा, शाळेच्या सर्फिंगच्या टीममध्ये होती. हो, असते अशी टीम. आपल्याकडे शाळेची खो-खोची असते तशी इकडे किनाऱ्यावरच्या शाळांची लाटांवर उभं राहायची असते. सराव उजाडता उजाडता, कारण वारा तेव्हाच गुणी असतो. पोरगी रबरी सूट चढवून, फळी बगलेत मारून पायऱ्या उतरून पाण्यात शिरायची, आणि आई वर गाडीत चादर पांघरून तिच्यावर डोळा ठेवून बसायची. झोपायची नाही. सीमानं पाहिलं त्या दिवशी डोळा लागला असेल तर तो अहिल्याचा आणि देवाचा प्रश्न.

आता ही राखण कोण करतंय, तेही ऐका. अहिल्या नागपूरची. नागपुरात पाणी म्हणजे फुटाळा तलाव, आणि तोही काठावर उभं राहून भुट्टा खाण्यापुरता. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि पाहिल्या पाहिल्या म्हणाली, "एवढं कशाला?" पोहणं येत नाही. घोट्याला पाणी लागलं की पर्स डोक्यावर धरते. अशा बाईच्या पोटी ही जलपरी! टीमच्या कागदावर सही प्रसन्ननं करून टाकली, बायकोला नंतर कळलं. त्यावर घरात जे झालं ते शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू आलं, पण त्याचा सारांश एवढाच:

"तू तिथे जाऊन काय करणार आहेस? तुला पोहता येतं का?"

"नाही."

"मग काही झालं तर?"

"काही झालं तर मी तिथे असेन."

यावर प्रसन्ननं गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. पण तिथे असून करणार काय, हे अहिल्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तिला तेच खात होतं. एखादी लाट पोरीला खाली घेऊन गेली, तर वर चादरीत बसलेली आई नेमकं काय करणार? चहा ओतणार?

मग घाबरलेली माणसं करतात ते तिनं केलं. अभ्यास. रात्री भांडी झाली की ती कम्प्युटरवर दुसऱ्या दिवसाचा लाटांचा अंदाज उघडून बसे. सुरुवातीला फक्त उंची वाचायची. मग पार्किंगमध्ये तिची रस नावाच्या माणसाशी ओळख झाली. रस म्हणजे भूगोलाचा रिटायर्ड मास्तर, साठी उलटलेली, फळी त्याच्या गाडीपेक्षा लांब. त्यानं तिला समजावलं की नुसत्या उंचीवर जाऊ नकोस, दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते बघ. वादळ लांबचं असलं की ही सेकंदं वाढतात, आणि मग दिसायला तेवढीच असलेली लाट अंगावर येते ती बैलासारखी. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाटा विंचरल्यासारख्या सरळ उभ्या राहतात. उलटा फिरला की सगळा गुंता. अहिल्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि गुरुदक्षिणा म्हणून डब्यातला चिवडा दिला. तेव्हापासून रस पाण्यातून बाहेर आला की आधी चिवडा मागे, मग टॉवेल.

एवढ्या अभ्यासातून तिनं घरात कायदा काढला: लाट खांद्यापेक्षा उंच असेल तर वल्लरी पाण्यात जाणार नाही. खांदा कुणाचा, तर अहिल्याचा. अहिल्याची उंची चपलांसकट पाच फूट.

"आई, दॅट्स नॉट फेअर! माझा खांदा कुठे, तुझा कुठे!"

"चादरीत मी बसते ना? मग खांदा माझा."

हळूहळू बाईला त्याची गोडीच लागली. आम्ही भाज्यांचे भाव बोलायचो, ती भरती-ओहोटी बोलायची. मंडळाच्या दिवाळीच्या मीटिंगला अध्यक्ष हेमचंद्रकाकांनी आपलं सहज विचारलं, "काय अहिल्या, काय चाललंय?" तर म्हणाली, "गुरुवारी वायव्येकडून एक येऊन राहिला काका, पण मला काही तो पटत नाही." काकांनी खुर्ची जवळ ओढून विचारलं, "मुलगा करतो काय?"

असे हसण्याचे दिवस चालले होते. मग नोव्हेंबरातला तो शनिवार आला.

आठवडाभर वाळवंटाकडून गरम वारा वाहत होता. तो आदल्या दिवशी पडला आणि समुद्र असा झाला की इस्त्री करून पसरलाय. रात्री अहिल्यानं अंदाज वाचला. लाट छातीएवढी, म्हणजे कायद्यात बसणारी. वारा नाही. भरती मध्यम. सगळं इतकं छान की तिला जरा संशयच आला, म्हणून तिनं पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की किनाऱ्यालगत तुरळक धुकं. ते तिनं दोन्ही वेळा वाचलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं. नागपूरच्या माणसाला धुक्याची कसली आलीय भीती? धुकं म्हणजे डिसेंबरातली चैन. स्वेटर चढवायचा, तर्री-पोह्याच्या गाडीवर उभं राहायचं आणि समोरचा माणूस दिसत नाही म्हणून खूश व्हायचं. तिच्या कायद्यात लाटेला कलम होतं, वाऱ्याला होतं, खडकांना होतं. धुक्याला नव्हतं.

सकाळी वल्लरी टीममधल्या दोन मैत्रिणींबरोबर पाण्यात गेली. शनिवार म्हणून कोच नाही, आणि हिवाळ्याचे म्हणून जीवरक्षकांचे टॉवर बंद. रस होता, आणखी आठ-दहा जण होते. अहिल्यानं लेकीच्या फळीवरचा लाल पट्टा नजरेत पकडला आणि थर्मासमधून चहा ओतला. मान वर केली तेव्हा क्षितिज नव्हतं. तिला वाटलं काचेवर वाफ आली. तिनं बाहीनं काच पुसली. वाफ नव्हती. पाण्यावरून काहीतरी पांढरं चालत येत होतं, अजिबात घाई न करता. आधी मागच्या लाटा गेल्या, मग फळ्यांवर बसलेली माणसं, मग लाल पट्टा. चहा अजून कपात गरम होता आणि समोर पॅसिफिक महासागर उरला नव्हता.

ती गाडीतून उतरून कठड्याशी धावली. खाली पायऱ्यासुद्धा अर्ध्याच दिसत होत्या. लाटांचा आवाज मात्र येत होता, डावीकडून, उजवीकडून, चहूकडून सारखाच.  पाण्यातली माणसं किनारा बघून दिशा धरतात हे तिला माहीत होतं. आता बघायला किनाराच नव्हता. दक्षिणेला खडक होते. पाण्याची ओढ तिकडेच असते, हेही रसनंच सांगितलं होतं. नको तेवढं शिकून ठेवलं की असं होतं.

"वल्लरी!" तिनं हाक मारली. धुक्यानं हाक गिळली.

कुत्रं फिरवायला आलेली एक बाई म्हणाली, "काळजी नको, धुकं विरेल."  अहिल्या वळली, गाडीत बसली, आणि स्टिअरिंगच्या मधोमध दोन्ही तळवे दाबले.

हॉर्न.

इथे हॉर्न म्हणजे शिवी. इथल्या नऊ वर्षांत अहिल्यानं तो कधी वाजवला नव्हता, आपल्या गाडीचा आवाज कसा आहे हे तिलाच माहीत नव्हतं. पण हात नागपूरचे होते. कॉलेजात सीताबर्डीच्या गर्दीतून लूना काढलेली बाई ती! एक लांब, दोन छोटे, पुन्हा एक लांब. कुत्रं भुंकायला लागलं. कड्यावरच्या बंगल्याची खिडकी उघडली आणि एक गृहस्थ ओरडले. कपडे बदलणारा एक पोरगा येऊन काचेवर टकटक करत म्हणाला, "मॅम, प्लीज! ही शांत जागा आहे!"

अहिल्यानं काच खाली केली नाही. बोटानं समोरचं पांढरं दाखवलं आणि पुन्हा दाबला.

पोरगा समोर बघत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला.

पायऱ्यांवरून पहिला वर आला तो रस. धापा टाकत, दाढीतून पाणी गाळत. "थांबवू नकोस!" तो तिथूनच ओरडला. "वाजवत राहा! मी किनाऱ्याला समांतर वल्हवत होतो, मला कळतच नव्हतं. तुझ्या आवाजावर वळलो."

"माझी मुलगी?"

"दिसली नाही. काहीच दिसत नाही खाली. वाजवत राहा."

मग एकेक जण येऊ लागला. पायऱ्यांवर ओल्या पावलांचा आवाज आला की अहिल्याची मान वळायची, आणि दर वेळी वर यायचं ते दुसऱ्याच कुणाचं पोर. कुत्रेवाली बाई फोनवर मदत मागवत होती. फोन ठेवून ती आपल्या गाडीत जाऊन बसली आणि तिनंही हॉर्न धरला. दोन्ही गाड्या मिळून असा कल्ला झाला की कॅलिफोर्नियात लग्नाची वरात निघाली असावी. वल्लरीच्या दोघी मैत्रिणी आल्या, थरथरत, हात धरून. "ती आमच्याबरोबरच होती," त्यातली एक म्हणाली आणि रडायला लागली.

अहिल्यानं रसला सीटवर ओढून बसवलं, त्याचे हात हॉर्नवर ठेवले आणि स्वतः पायऱ्या उतरली. पाण्याला भिणारी बाई, चपला वाळूत कुठेतरी राहिल्या, गुडघ्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. पर्स कुठे होती हे तिला आजही सांगता येत नाही. आणि मग तिनं पोट आत ओढून, घरात जेवायला बोलवताना मारते ती हाक मारली. शाळेत कुणाला कळू नये म्हणून वल्लरीनं जे नाव पाचवीपासून लपवून ठेवलं होतं, त्या नावानं.

"चिंगेऽऽऽ! ए चिंगेऽऽऽ!"

लाट आली, गेली.

"चिंगेऽऽऽ! कुठं आहेस, माय?"

आणि उजवीकडून, तिनं मनाशी धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी जवळून, धुक्यातून रागावलेला आवाज आला.

"आई! स्टॉप इट! एव्हरीबडी कॅन हिअर यू!"

त्या आवाजासारखं गोड अहिल्यानं जन्मात काही ऐकलं नव्हतं. ती तिथेच कमरेपर्यंत पाण्यात बसली आणि हसत सुटली. लाल पट्टा आधी दिसला, मग पोरगी. मायलेकींना वर आणायला हॉर्न सोडून धावत आलेल्या रसच्या हाताखाली तिघे लागले, कारण आई फळीही सोडेना आणि पोरगीही. मदतीची गाडी आली तेव्हा पार्किंगमध्ये डबा उघडलेला होता आणि ओली माणसं चिवड्याच्या मुठी भरत होती. बंगल्यातले गृहस्थ कॉफीचं भांडं घेऊन खाली आले होते आणि कुणी विचारलं नसताना सांगत होते की त्यांना आधीच शंका आली होती.

गाडीत हीटर पूर्ण सोडून सोलापुरी चादरीत लेकीला गुंडाळलं. तिचे दात वाजत होते.  मग हळूच म्हणाली, "आई, मला वाटत होतं मी किनाऱ्याकडे येतेय. आय वॉज गोइंग आउट. हॉर्न मागून ऐकू आला ना, तेव्हा कळलं."

अहिल्यानं तिचे केस पुसले. जोरात पुसले. 

तेवढ्यात बाहेरून जाताना त्या दोघी मैत्रिणींनी काचेवर थाप मारली आणि ओरडल्या, "बाय, चिंगेऽऽ!" उच्चारसुद्धा अगदी बरोबर. वल्लरीनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"ओ माय गॉड, आई! आता सगळी टीम मला हेच म्हणणार. सोमवारी अख्खी शाळा म्हणेल. काऊन ओरडलीस तू तसं? मला किती लाज वाटतेय, माहितेय तुला?"

अहिल्यानं गाडी सुरू केली, आरसा नीट केला आणि म्हणाली, "लाज वाटून राहिली ना? वाटू दे खुशाल. बुडालेल्या पोट्टीला नसती वाटली."