शिंपलेला माळ

नवीन जागी विमान उतरवायचं ठरलं की आधी अंजना तिथे जाऊन चालून यायची. तेही अनवाणी. एसटीने जायची, एसटी संपली की बैलगाडीने, गाडीवाट संपली की पायी. माळाच्या एका टोकाला चपला काढून ठेवायच्या आणि दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जायचं. मग थोडं बाजूला सरकून परत. कुठे टाच रुतते, कुठे खडा टोचतो, कुठे उंदरांनी बिळं करून जमीन आतून पोकळ केली आहे, हे तिच्या तळव्यांना कळे. दगड उचलून लांब टाकायचे आणि शेवटी चुन्याची फक्की ओढून दोन्ही कडा आखायच्या. तिने पायाखालून घातल्याशिवाय नानासो कुठेही उतरत नसे.

"माझं डोळं वरनं बघत्यात," तो म्हणायचा, "पर भुईचं खरं-खोटं हिच्या पायास्नीच ठावं."

नानासो जतच्या पूर्वेकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरल्या एका धनगर वस्तीतला. शाळेनंतर हवाई दलात मेकॅनिक म्हणून भरती झाला. लग्नानंतरची उमेदीची सगळी वर्षं अंजनाने सासूबरोबर, बयाबाईबरोबर, मेंढरांमागे काढली. नवरा रजेवर यायचा तो पाहुण्यासारखा. घरात रुळतोय तोवर ट्रंक भरायची वेळ. मूलबाळ झालं नाही. पेन्शनीवर येऊन तो सांगलीला नोकरीला लागला तेव्हा दोघांच्या कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि एकमेकांशी काय बोलावं हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

नोकरी कसली, तर लालासाहेबांचं विमान सांभाळायची. लालासाहेब म्हणजे कृष्णाकाठचे ऊसवाले. एका बंद पडलेल्या क्लबाचं दोन माणसांचं, कापडी पंखांचं विमान त्यांनी लिलावात घेतलं होतं. एकदाच वर गेले, ओकून ओकून हैराण झाले आणि खाली आले ते पुन्हा चढलेच नाहीत. पण विमान ठेवलं. "म्हशी सगळ्यांच्याच दारात हायत," ते म्हणत, "इमान कुणाच्या हाय, दावा." नानासोने नोकरीत असतानाच, वरिष्ठांच्या मेहेरबानीने, उडवायचा परवाना काढला होता. लालासाहेबांनी त्याला मोकळीक दिली, पण अट घातली.

"तेल माझं, हौस तुमची. न्या कुठं बी. पर माझ्या इमानाला खरचटल्यालं दिसलं, की त्याच दिवशी इकून टाकीन. मग पाया पडला तरी न्हाई."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. शर्यतीत एकदा अडखळला म्हणून त्यांनी जातिवंत घोडा दुसऱ्या बाजारी विकलेला साऱ्या गावाला माहीत होता.

ती दोन वर्षं अंजनाला जन्मभर पुरतील अशी गेली. शनिवारी दुपारी निघायचं. कधी म्हसवडकडच्या तलावाच्या कोरड्या पोटात उतरायचं, कधी कोयनेच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, जिथे माणसाचा मागमूस नाही. एकदा सड्यावर वारा असा सुटला की विमानच उचलून दरीत टाकेल. दिवसभर दोघं दोन पंखांचे दोर धरून जमिनीवर पालथी पडून राहिली. समोरून गव्यांचा कळप गेला; म्होरक्याने थांबून या दोन वेड्या जिवांकडे पाहिलं, फुरफुरला आणि पुढे झाला. दोर सोडता येत नव्हता म्हणून पळताही येत नव्हतं. "आवं, जित्ती हायसा का?" अंजनाने पलीकडून ओरडून विचारलं. "तू हाईस तवर हाय," तो ओरडला. लग्नानंतर इतकं गोड तो कधी बोलला नव्हता.

विमान गेलं की हे सगळं जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नानासो कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होणार, ती चुलीपुढे बसणार आणि दोघांमध्ये पुन्हा तीच जुनी मुकी हवा. म्हणून ती माळ इतक्या जिवापाड तपासायची.

१९७३ च्या एप्रिलात बयाबाईचा निरोप आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. वस्तीवरची निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर, मेंढरं निम्मी विकलेली. "साऱ्या मुलखाच्या माळावर उतरतूस. आईच्या दारात कवा?"

अंजना एसटीने गेली. वस्तीखालचा माळ चोपणाचा होता. चोपण जमीन वाळली की फरशीसारखी. तिने दिवसभर चालून पाहिलं. टाच वाजत होती. पूर्वेच्या टोकाला एक खोल ओघळ होती, तिच्या अलीकडेच तिने चुना थांबवला. दीर बिराप्पाकडे परतीच्या पेट्रोलचे डबे सोपवले. मग वस्तीला गोळा करून बजावलं.

"मेंढरं बांधून ठेवा. प्वॉरं आवरा. चुन्याच्या आत कुणी पाय टाकायचा न्हाई. काठीला धोतर बांधून उभं करा, वारं कळाय पायजे."

"आनि काय गं, मास्तरीणबाय?" बयाबाई म्हणाली. "नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून आभाळात हिंडती, तवा पदर तरी जाग्यावर ऱ्हातो का?"

"पट्ट्यानं बांधती, आत्याबाई," अंजना म्हणाली. बायका खिदळल्या.

काय काय करू नका ते तिने सगळं सांगितलं होतं. पाणी टाकू नका, एवढं सांगितलं नव्हतं. त्या वर्षी, त्या वस्तीवर, ते सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं असतं?

रविवारी सकाळी दोघं निघाली. वारा समोरून होता, नेहमीपेक्षा जोराचा. जत मागे पडेपर्यंत ऊन तापलं आणि विमान गाडीवाटेवरच्या बैलगाडीसारखं हिंदकळायला लागलं. नानासो तेलाच्या काट्याकडे बघून गप्प झाला. तो गप्प झाला की अंजना समजायची.

"परत जायाचं का?"

"परतीपुरतं न्हाई आता. बिराप्पाचं डबंच गाठाय पायजेत."

वस्ती दिसली. काठीवरचं धोतर पश्चिमेकडे फडफडत होतं. म्हणजे पूर्वेकडे तोंड करूनच उतरायचं, पश्चिमेच्या टोकाला चाकं टेकवून. चुन्याच्या रेघांबाहेर माणसांचा घोळका, लाल पागोटी, ढोल. आणि रेघांच्या आत माळ काळपट दिसत होता.

"त्ये काय हाय?" अंजना पुढे वाकली.

"सावली असंल ढगाची."

"ढग कुठं हाय?"

नानासोने वर पाहिलं. आभाळ पितळी ताटासारखं कोरडं होतं. तो खाली आला, माळावरून एक घिरटी घातली. काळा पट्टा पश्चिमेच्या टोकापासून सुरू होऊन निम्म्याच्या पुढे येऊन संपत होता. संपला होता तिथे बायका रिकाम्या घागरी डोक्यावर धरून हसत वर बघत होत्या.

अंजनाने बोट दाखवलं. "आवं, पानी शिंपलंय."

"खुळी का काय तू? आठ-आठ दिस टँकर येत न्हाई तिथं. माळावर कोन पानी वतंल?"

"आत्याबाई वतंल."

नानासोने पुन्हा खाली पाहिलं. आपली आई त्यालाही माहीत होती.

चोपण भिजलं की लोणी. चाकं टेकली की घसरणार, पुढे रुतली की विमान नाकावर उलटणार. त्यांच्यासारख्या हलक्या विमानात पुढे बसलेल्या माणसांचं काय होतं, ते नानासोने नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ओला पट्टा सोडून पुढं टेकवायचं म्हटलं तर," तो म्हणाला, "थांबाय जागा उरत न्हाई. ओघळीत जातंय."

"ओघळीच्या आधी डावीकडं वळवा. तिथं चढ हाय. चढानं थांबंल."

"चाललीस तू तिथनं?"

अंजना घुटमळली. दुपारी सावलीला बसायला ती त्या बाजूला गेली होती, पण तिथे विमान उतरायचं नव्हतं म्हणून सहजच गेली होती. "चपला घालून गेल्ते," ती म्हणाली.

इतका वेळ त्याने घाम पुसला नव्हता, तो आता पुसला. "म्हंजी ठावं न्हाई."

"बोरीची झुडपं हायत वर. एवढंच ठावं हाय. दगड हुता का न्हवता, देव जाने."

काटा तळाला टेकला होता. इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं. आता विचारायला कुणी नव्हतं आणि वेळही नव्हता. नानासो लांब वळसा घेऊन पश्चिमेकडून सरळ आला. खालून ढोलाचा आवाज इंजिनातूनही ऐकू यायला लागला. काळी जमीन चाकांखालून सरकत होती. इतकी जवळ, की अंजनाला शिंपलेल्या पाण्याचे ओघळही वेगळे दिसले. त्याने दांडा हलकेच मागे धरून ठेवला होता. अजून काळं, अजून काळं. मग पांढरट, तडकलेली, कोरडी भुई.

"आता!" ती ओरडली.

चाकं टणकन आपटली, उडाली, पुन्हा टेकली. ओघळीची कड समोरून धावत आली. नानासोने डावा पाय दाबला, विमान कण्हत वळलं, चुन्याची रेघ ओलांडून चढाला लागलं. अंजनाने दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली आणि पहिल्यांदाच डोळे मिटले. खाली दगड असता तर तिथेच सगळं संपलं असतं. दगड नव्हता. विमानाचा वेग मेला, आणि अगदी शेवटी, जवळजवळ उभं राहता राहता, डावा पंख बोरीत शिरला. कापड फाटल्याचा आवाज आला. लुगडं टरकावं तसा.

दोघं तशीच बसून राहिली. आधी त्याने तिचा हात चाचपला, मग तिने त्याचा.

बयाबाई सगळ्यांच्या पुढे पळत आली. हातात ओवाळायचं ताट, घोट्यापर्यंत चिखल. "आलास व्हय रं लेकरा! मधनं का न्हाई उतरलास? पानी मारल्यालं की तिथं!"

"आये, कुणी सांगितलं पानी माराय?"

"सांगाय कशाला पायजे? मामलेदाराची जीप येती तवा फुफाटा बसाय पानी मारत्यात. तू तर आभाळातनं येनार. एकूनएक घागर दिली परत्येक घरानं, बग. कालच मारायचं हुतं, रातीत वाळून खळ्यावानी झालं असतं. पर टँकर मेला आज सकाळी आला." तिने मागे वळून वस्तीकडे अभिमानाने पाहिलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. तो आठवड्याचा त्यांचा वाटा होता.

अंजना वाकून सासूच्या पाया पडली.

फाटलेलं कापड तिने घोंगडीच्या सुईने शिवलं. बिराप्पाच्या बायकोने चिंचोक्याची खळ शिजवून दिली. धनगर घोंगडीला लावतात तीच. खळ उन्हात वाळून शिवण ताठ झाली. दुसऱ्या दिवशी माळही वाळला आणि दोघं सुखरूप सांगलीला उतरली. पण ठिगळ ते ठिगळ. लांबूनही दिसत होतं.

"दगडाला घासलं म्हनून सांगतो," नानासो म्हणाला.

"म्हंजी माझ्या पायाखालनं दगड सुटला?"

"मग माझीच चूक झाली म्हनतो."

"मग तुमाला पुन्ना इमान कोन देईल? झालं ते सांगू. खरं हाय ते हाय."

लालासाहेब पाटाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. समोर उसाच्या सऱ्या भरून पाणी वाहत होतं. नानासोने सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग अंजनाकडे वळले.

"बाई, मेंढरू आडवं आलं म्हना. वारं फिरलं म्हना. मी मान डोलावली असती. पर जतची तहानल्याली मानसं माळावर पानी वततात, आनि ते म्या खरं मानायचं?"

"वतलं, साहेब. एकूनएक घागर."

"मला खुळा समजता व्हय?" ते उठले. त्यांना राग ठिगळाचा आलाच होता, पण त्याहून जास्त या थापेचा. त्यांच्या उसाखाली पाणी खळाळत होतं आणि त्यांना ती गोष्ट कुठूनच पटण्यासारखी नव्हती. महिन्याच्या आत विमान विकलं गेलं. पंख सुटे करून ट्रकमध्ये चढवले, तेव्हा नानासो धावपट्टीवर गेला नाही. अंजना गेली. ट्रक वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली, मग घरी येऊन भाकरी थापायला बसली. नानासो येऊन चुलीजवळ टेकला. थोड्या वेळाने त्यानेच बोलायला सुरुवात केली, गव्याच्या म्होरक्याबद्दल, आणि ती त्याला दुरुस्त करायला लागली.

मे महिन्यात दोघं एसटीने वस्तीवर गेली. बयाबाईने आधी आभाळाकडे पाहिलं, मग त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे.

"इमान कुठाय?"

"मालकानं इकलं, आत्याबाई. हौस फिटली त्यांची."

"फिटली व्हय." म्हातारी विचारात पडली. "मग दुसऱ्या कुनाचं तरी घिऊन या. मला सगळं ध्येनात आलंया. या खेपंला टँकरची वाट बघायची न्हाई. दोन दिस आधीच पानी साठवून, शिंपून, वाळवून ठिवती. मग कसं, खळ्यावानी!"

नानासोने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"ठिवा, आत्याबाई," अंजना म्हणाली. दारातली रिकामी घागर तिने उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि टँकरच्या रांगेकडे निघाली.