पिकअपची खांदमळणी

आमच्या घरात निवांत बसणारा माणूस एकच, आमचा बुढा, म्हणजे बाबा. मी खाटेवर बसलो तरी माझा पाय हलत राहतो. बायको म्हणते, "पाय थांबवा ना, खाट गदगद हालून राह्यली." त्या श्रावणात तर मी दुकानात, वावरात, घरात कुठंच टिकेना. रिकाम्या गोठ्यात बाबांची जुनी डिझेल पिकअप कित्येक वर्षं धूळ खात उभी होती, आणि पोळ्यापर्यंत ती चालती करायचीच, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं.

त्याचं कारण सांगतो. ही पिकअप घ्यायला बाबांनी घरची शेवटची बैलजोडी विकली होती. सौदा चांगला झाला, घरात कोणाचं काही म्हणणं नव्हतं. गाडीनं मलकापूरला कापूस वाहिला, गावाची लग्नं वाहिली, आम्हाला दिवस दाखवले. पण त्या वर्षी पोळ्याला बाबा सवयीनं नवा पटका बांधून, मारुतीच्या देवळापुढे गावातल्या जोड्या जमतात त्या तोरणाकडे गेले, तर शेजारच्या काकांनी सगळ्या गावादेखत विचारलं, "काऊन भाऊ, हात हालवत आले? जोडी कुठी हाय?" थट्टाच होती. बाबा हसले आणि घरी आले. तेव्हापासून पोळ्याच्या दुपारी आमचं दार आतून बंद. बाहेर घुंगरमाळा वाजत जायच्या आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

आता गावात ट्रॅक्टरसुद्धा झूल घालून तोरणाखाली नेतात. मग आमच्या पिकअपनंच काय घोडं मारलं? बाबांना आताशा दम लागतो, अंगणातून ओसरीवर यायचं तर मध्ये थांबतात. पुढच्या पोळ्याचा भरवसा कोणी द्यावा? यंदा बुढा तोरणाखाली गेला पाहिजे, बस्स. दुसरं मला काही सुचत नव्हतं.

कामाला हात घातला तर काय, जिथं बोट लावावं तिथं गंज. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी सरकी आणि कापूस भरून बाळंतपणाची खोली केलेली. मागच्या डाल्याचा पत्रा खरवडला तर खालून गोठ्याची जमीन दिसली. नोझल काढले, धुतले, पुन्हा बसवले, पुन्हा काढले. मलकापूरच्या भंगार बाजारात जुने पार्ट शोधत मी इतक्या चकरा मारल्या, की तिथला चहावाला मला लांबून पाहूनच कप धुवायला घ्यायचा. घरी आलो की परत गोठ्यात. बायको दारात उभी राहून म्हणायची, "एवढी मालिश माह्या गुडघ्याले केली असती, तं मीच पळत गेली असती तोरणाले!"

बाबा गोठ्यातल्या खाटेवर बसून बघायचे. त्यांना गाडीतलं सगळं कळायचं असं नाही, पण सल्ला कायम तयार. "सबुरीनं घे. घाई केली का जनावर बिथरते."

"बाबा, हे जनावर नाही. लोखंड हाय."

"हो का? मंग तू त्याले शिव्या काऊन देऊन राह्यला?"

मी पाना आपटायचो आणि ते गालात हसायचे.

इंजिन पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी लागलं. सगळा गोठा धुरानं भरला, शेजारचे लोक धावत आले, बाबांनी दोन्ही हात जोडले. मूळचा पोपटी रंगही मारून झाला. राहिले ब्रेक. पोळ्याच्या आदल्या दुपारी मी चारही चाकं उतरवली, ब्रेकचे ड्रम काढले, ड्रमला घासून चाक थांबवणारे आतले नवे लायनर बसवले, आणि मग लक्षात आलं की एक रबर भलत्याच मापाचं आलंय. कपाळ बडवून घेतलं आणि तसाच मोटारसायकलवर मलकापूरला सुटलो.

परत आलो तेव्हा झिमझिम पाऊस होता, दिवस बुडायला आला होता आणि लाईट गेलेली. बाबा आपल्या जागी, हात पुसत बसलेले. उजेड लावलेला मोबाईल दातात धरून मी रबर लावलं, ड्रम ठोकले, चाकं कसली. आत काय आहे ते मी बघतच नव्हतो, उरकत होतो.

पोळ्याच्या दुपारी पिकअपला झेंडूच्या माळा घातल्या, बोनेटवर झूल टाकली. बाबांनी पटका बांधला. आरशात बघून दोनदा सोडला, दोनदा बांधला. मग माझ्या शेजारी येऊन बसले. आमच्या घरापासून गल्लीला उतार आहे. समोर शेजारच्या काकांची सजवलेली जोडी चाललेली. मी ब्रेक दाबला. पेडल घट्ट लागलं, तरी गाडी आपली चाललीच. परत दाबला. काही नाही! बैलांच्या अंगावर जाते की काय म्हणून मी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, आणि आमची नवरी सरळ काकांच्या उकिरड्यात.

कोणाला लागलं नाही. पण अख्खी गल्ली जमा झाली. आणि चाकांतून वास येत होता, तापलेल्या तुपाचा. पोळीवर सोडतात ना, तसा.

"बाबा," मी म्हणालो, "चाकाले काय लावलं?"

"खांदे मळले," ते म्हणाले. "काल आवतनाचा दिवस नव्हता का? बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात, हिचे कुठं मळाव? चाकाजवळ सारं उघडं दिसलं, मले वाटलं तेच खांदे. चारी मळले. म्हटलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

ब्रेकच्या लायनरला तूप! माझा तोल गेला. सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो, अक्कल हाय का काही? माणसं मेली असती! महिनाभर हाडाची काडं केली म्या, कोणासाठी?"

बाबा दार उघडून हळूच उतरले आणि घराकडे चालू लागले. मधे दम लागला म्हणून थांबले, तेव्हा त्यांची पाठ पाहून मला वाटलं, आता हे दार कायमचं बंद झालं आणि ते मीच लावलं.

तेवढ्यात काका म्हणाले, "पोरांनो, दोर आना. माही जोडी लावा पुढं, गाडी ओढून नेऊ तोरणाले."

बाबा गर्रकन वळले. "पागल झाले का बे? आज पोळा हाय! आज बैलाच्या मानेवर जू ठेवतेत का?"

काकांनी जोडी मुलाच्या हाती दिली, धोतराचा सोगा खोचला आणि पिकअपच्या मागे जाऊन हात टेकले. "मंग आपन ढकलू," ते म्हणाले. "भाऊ, बसा तुम्ही स्टेरिंगवर."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी दार उघडून धरलं. ते बसले, पटका नीट केला. आम्ही गाडी उकिरड्यातून काढली आणि सपाट रस्त्यानं ढकलत मारुतीच्या देवळाकडे निघालो. दोघे जण चाकाखाली टाकायला दगड हातात घेऊन चाकांबरोबर चालत होते. पुढे बैल, मागे आम्ही घामाघूम.

तोरण समोर आलं तशी गर्दीतून कोणीतरी आरोळी ठोकली, "आबा, बिरेक नाई तं थांबसान कसे?"

"थांबाचं कोणाले हाय बे?" बाबा आतून ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा मी किती वर्षांत ऐकला नव्हता. "लय वर्सं थांबलोच होतो ना घरात!"

लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी मागून आणखी जोर लावला.