मंजूच्या फॉर्मवरचा चौथा प्रश्न

मायक्रोस्कोपखाली विळे दिसले. काचपट्टीवरचं रक्त माझ्या लेकीचं, मंजूचं होतं. वय वर्षं नऊ.

ही सत्तरच्या दशकातली, नागपूरची गोष्ट. माझं सगळं संशोधन हिमोग्लोबिनवर, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तातल्या प्रथिनावर. त्याचा बिघाड आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर मुलाला सिकल सेल होतो. गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, एरवी ठणठणीत. कन्हान नदीकडच्या गावांतून जीपने हिंडून मी कितीतरी आयांना हे समजावलं होतं. "घाबरू नका" म्हणणं मला भारी सोपं वाटायचं.

मंजूला टायफॉइड झाला. आतड्यातून रक्त गेलं म्हणून एक बाटली रक्त चढवावं लागलं. ताप उतरला, घरी आली, पण तीन आठवड्यांनी पाय दुखतात म्हणून रडायला लागली. चेहरा पांढराफटक.

डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणाच असेल. तरी सिकलिंग बघून टाका, लॅब तुमचीच आहे."

सिकलिंग टेस्टमध्ये थेंबातला प्राणवायू काढून घेतात आणि पेशी वाकतात का ते पाहतात. वाकल्या होत्या.

पण आजारी कोण आणि वाहक कोण, हे ती टेस्ट सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. ओल्या कागदाच्या पट्टीवर नमुना ठेवून वीज सोडली की प्रथिनं कमीजास्त वेगाने सरकतात आणि त्यांच्या रेघा उमटतात. मी पट्टी लावायला घेतली.

तेवढ्यात आमचा अटेंडंट शालिक समोर आला. पंधरा वर्षं माझ्याबरोबर काम केलेला माणूस.

"बाई, फॉर्म कुठं आहे?"

"शालिक, मंजूचं रक्त आहे हे!"

"मंजूचं असो का कोनाचं. फॉर्माबिगर पट्टी लावायची नाही, तुम्हीच सांगून ठेवलं ना. मंग आता काहून?"

असा राग आला मला! पण तो हटेना. नाव, वय, पत्ता लिहून त्याने चौथा प्रश्न मोठ्याने वाचला. "गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं का?"

हा प्रश्न मीच घातलेला. चढवलेल्या पेशी तीन-चार महिने अंगात टिकतात, तोवर तपासणीत देणाऱ्याचं रक्तही दिसतं.

शालिकची पेन्सिल थांबली. "बाई, रक्त तर मीच देलं होतं."

गावोगाव लोकांच्या बोटांना सुया टोचल्या, पण लॅबमधल्या कुणाचंच रक्त आम्ही कधी तपासलं नव्हतं.

दोघांचे नमुने शेजारी शेजारी लावले. शालिकच्या दोन रेघा, एक नेहमीच्या हिमोग्लोबिनची, एक सिकलची, दोन्ही ठळक. तो वाहक होता. मंजूची नेहमीची रेघ गडद, दुसरी, शालिकच्या रक्तातून आलेली, इतकी फिकट की उजेडात धरून पाहावी लागली. आजार नव्हता. काचपट्टी पुन्हा पाहिली, तर गोल पेशी ढीगभर होत्या. मघाशी मला फक्त विळे दिसले होते. मी स्टुलावर बसून हमसून हमसून रडले.

मग शालिकला समजावायची पाळी आली. "घाबरू नका" हे शब्द पहिल्यांदाच जड गेले.

"एवढी वर्षं मले काय धाड भरली?" तो म्हणाला. "बायकोचं पाहून घ्या फक्त, पोरं आहेत घरी."

बायकोची नेहमीची एकच रेघ आली, म्हणजे पोरांना आजाराची भीती नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या लॅबला तर्रीपोहे खाऊ घातले.

तुमच्या घरी कुणाला रक्त चढवायचं असेल, तर आधी नमुना काढून ठेवा. नंतर तपासायचंच झालं, तर रक्त चढवल्याचं न विसरता सांगा. मी विसरले होते.

मंजूचे पाय दुखायचे महिन्याभरात थांबले, पण पक्कं कळायला चार महिने जाऊ द्यावे लागले. या खेपेला फॉर्म मी आधीच भरून नेला. नेहमीची एकच रेघ आली. शालिकने पट्टी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली.

"म्हणजे माह्यं रक्त संपलं का तिच्या अंगातलं?" त्याचा चेहरा जरा उतरला होता.

"संपलं," मी म्हणाले. "ते होतं म्हणून तर ती आहे, शालिक."

त्याने मान हलवली आणि मंजूचा फॉर्म फाइलला लावला.