हात सैल सोडा

"डोळे मिटा. कापूस लागला की सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी डोळे मिटून वाट बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मावशी, काहीच कळलं नाही?"

मग कोपरामागची नस बघायला त्यांनी माझा हात धरला. "हात सैल सोडा." आम्ही मणियार, दोंडाईच्यात बांगड्या भरतो. दिवसभर बायकांना मी हेच सांगते. त्या दिवशी माझाच हात सैल पडेना.

आजार निघाला लेप्रसी, म्हणजे कुष्ठरोग. स्किन स्मिअर केलं. त्यात कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन आतला द्राव काचेवर तपासतात. एमडीटी, म्हणजे एकत्र घ्यायची औषधं, लगेच सुरू झाली. "आता तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. घरात मोकळेपणानं वावरा," डॉक्टर म्हणाल्या.

ऐकलं, पण पटेल तर शपथ. घरी मीच माझं ताट वेगळं केलं. तुमच्यावर ही वेळ आली तर असलं काही करू नका. मनगट दुखतं असं सांगून दुकानही बंद ठेवलं. बायकांना कळलं तर माझ्या हातात हात कोण देणार?

पुढच्या महिन्याचं औषध आणायला धुळ्याच्या दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी जमनाबाई, डोंगराकडची भिल्ल बाई. तिचा आजार केव्हाच बरा झालेला, पण बोटं आखडलेली. पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगला आली होती. मी लांब सरकून बसले. तोच आजार अंगात घेऊन सरकले, बघा!

"तुले बी तेच शे ना?" ती हसली. मग आपणहून सांगू लागली. "पहिले मन्हं ताट न्यारं. मंग खोली न्यारी. मंग मीच न्यारी."

ताटापर्यंत तर मी पोचलेच होते.

स्वतःच्या लेकीच्या लग्नात जमनाबाई मांडवाबाहेर बसली होती. बांगड्यावालीनं सगळ्या बायकांचे हात भरले. हिच्या बांगड्या मात्र जमिनीवर ठेवून ती निघून गेली.

मी माझ्या हातातल्या चार बांगड्या उतरवल्या. "भरू?"

"तुले भ्याव नही वाटत?"

"वाटतं," मी म्हटलं आणि तिचा हात धरला.

काच टोचली तर तिला कळणार नव्हतं, मलाही नाही. म्हणून डोळ्यांनी बघत, हळूहळू भरत होते. ती बांगड्यांकडे बघतच नव्हती. माझी बोटं तिच्या हातावरून कधी उठतात, ते बघत होती.