पायाळू जावई

मी माझ्या सासऱ्यांच्या पाठीत लाथ घातली, ती त्यांच्याच आग्रहाखातर.

लग्नानंतर पहिल्यांदाच रामाकोन्याला मुक्कामी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मेव्हणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात) संत्र्याचं कॅरेट उचलायला वाकले ते वाकलेच! उसण भरली. पोरीच्या साक्षगंधाला बाप खाटेवर, या विचारानं ते रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, आता कोणी पायाळूच पाहिजे. पायाकडून जन्मलेल्यानं पाठीला पाय लावला की उसण पळते.

गप्प बसावं की नाही? पण नव्या जावयाच्या जिभेला हाड नसतं.

"मी आहो ना पायाळू."

पांढुर्ण्याला, आमच्या घरी, आई लहानपणापासून माझ्या पायांचं कौतुक करायची, त्यावरून मी तसंच धरून चाललो होतो.

मामाजी चटईवर पालथे झाले. सासूबाईंनी तिळाच्या तेलात ओवा-लसूण कढवून पाठीला चोपडलं. मला नुसता पाय टेकवायचा होता. पण तेलावरून तो असा सटकला, की अख्खा जावई (अठ्ठ्याहत्तर किलो!) सासऱ्यांच्या अंगावर. मामाजींचा आवाज ऐकून शेजारी जमले. बायको माझ्याकडे बघेना.

घाबरून मी त्यांची पाठ चोळायला बसलो. कण्याच्या दोन्ही बाजूंनी, अंगठ्यांनी, हळूहळू, चांगला तासभर. सकाळी मामाजी ताठ चालत मांडवात! माझी मान त्यांच्याहून ताठ.

पुढं नऊ वर्षं, सौंसरला बस बदलून मी रामाकोन्याला पोचलो की चटई अंथरलेलीच. आधी पाय लावायचा, मग तासभर मालिश. मामाजी डोळे मिटून बागेच्या, पावसाच्या गोष्टी सांगायचे. मला तो तास फार आवडायचा.

मागच्या वर्षी सहज आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पायाळू? तू तं डोक्याकडूनच आला. तुहा पायगुण चांगला म्हणत होती मी."

पुढच्या खेपेला मालिश करता करता मामाजींना खरं सांगून टाकलं. ते चटईतूनच बोलले, "मले मालूम आहे, जावईबापू. तुमच्या आईनं त्या साक्षगंधातच सांगतलं."

"मंग इतके वर्षं लाथा काहून खाल्ल्या?"

"जावयाले नुसती मालिश कर म्हणनं बरं दिसते काय जी?"

ती शेवटची मालिश ठरली. मामाजी गेले. आता तिळाच्या तेलाची बाटली उघडली की त्यांची आठवण येतेच.

परवा मलाच उसण भरली. चटई अंथरून पालथा झालो, पण इलाज नाही. आमची पोरगी अजून दुसरीतच आहे, जावई यायला बराच वेळ आहे!